गोळ्यांना कागद कोणी गुंडाळला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या चॉकलेटवाल्या मिल्टन हर्शीवर अर्ध्या पानाचा लेख आलाय तो वाचला. वाचायला बरा आहे. चौथी शिकलेला पोरगा, धंदा परत परत बुडाला, तरी उभा राहिला, गावच्या गाव वसवलं, मग सगळं दान केलं, आणि हे सगळं म्हणे स्वतःच्या बळावर, जिद्द हवी वगैरे वगैरे. मुलीने मला तो मोबाईलवर पाठवला आणि खाली लिहिलं, आई, तुझ्या लाईनचा माणूस. तर आमच्या लाईनचा माणूस आहे म्हणूनच दोन गोष्टी खटकल्या. एक साधी सनाची चूक आहे, ती शेवटी सांगते. दुसरीला चूक म्हणायचं की काय ते तुम्ही ठरवा, पण एवढ्या अर्ध्या पानात त्या माणसाच्या आईला एक ओळ नाही. मावशीला तर नाहीच.

आमची लाईन म्हणजे काय ते आधी सांगते. मी लालबागची, वय ६१. गेली २५ एक वर्षं घरून चॉकलेटं करते, गणपतीत चॉकलेटचे मोदक, दिवाळीत बॉक्स, बाकी वर्षभर बारशाच्या नि वाढदिवसाच्या ऑर्डरी. पण या लाईनमध्ये मी त्याच्या कितीतरी आधीपासून आहे, चौथीपाचवीत असल्यापासून, कारण माझी आई घरी गोळ्यांना कागद गुंडाळायची.

भायखळ्याच्या बाजूला एक गोळ्यांचा कारखाना होता, कारखाना म्हणजे काय, पत्र्याची शेड नि दोन भट्ट्या. तिथला माणूस आठवड्यातून दोनदा पत्र्याच्या डब्यातून सुट्ट्या लिमलेटच्या गोळ्या आणि कापलेल्या रंगीत कागदांचे गठ्ठे आणून टाकायचा आणि गुंडाळलेला माल वजन करून न्यायचा. पैसे किलोवर. आता गोळ्या देताना वजन नुसत्या गोळ्यांचं आणि घेताना कागदासकट, त्यामुळे कागदाचं वजन किती धरायचं यावर आई आणि तो माणूस दर वेळी भांडायचे, अगदी ठरल्यासारखे, आणि भांडण झालं की आई त्याला चहा द्यायची. आम्हा भावंडांना सक्त ताकीद, एक गोळी तोंडात टाकायची नाही, वजन कमी भरलं की पैसे कापणार. घरात २० किलो गोळ्या आणि आम्ही बोटं चाटतोय. गोळी कागदाच्या मधोमध ठेवायची, डाव्या अंगठ्याने दाबायची, आणि दोन्ही टोकांना एकाच वेळी उलटसुलट पीळ द्यायचा, एक पीळ कमी पडला तर सुटते, एक जास्त झाला तर कागद फाटतो. आई ते न बघता करायची, बोलता बोलता. साखरेने बोटांची टोकं सोलवटायची, मग रात्री कालवणात बोट बुडवलं की चुरचुरायचं. पावसाळ्यात गोळ्यांना पाणी सुटायचं, एकमेकींना चिकटायच्या, आणि चिकटलेल्यांचे पैसे नाहीत.

म्हणून मी हर्शीबद्दल पहिल्यांदा वाचलं ना, म्हणजे बरीच वर्षं झाली, मुलीने इंटरनेटवरून काढून दिलं होतं, तेव्हा मी जिद्दीपाशी थांबलेच नाही, मी थांबले ती आई आणि मावशी बसून गोळ्या गुंडाळतायत तिथे.

त्याची गोष्ट थोडक्यात अशी. १३ सप्टेंबर १८५७ चा जन्म, पेन्सिल्व्हेनियात एका शेतावरच्या घरात. माणसं मेनोनाइट पंथाची, म्हणजे साधं राहणारी, कष्टाळू, चैन म्हणजे पाप. वडील हेन्री मात्र उलटे, आज हा धंदा उद्या तो, प्रत्येक वेळी आता नशीब फळफळणार आणि प्रत्येक वेळी बिऱ्हाड हलवायचं. त्या हलवाहलवीत पोराची शाळा चौथीलाच संपली. मग आधी एका जर्मन भाषेतल्या पेपरच्या छापखान्यात उमेदवारीला लावला (संपादकसाहेब, हे तुम्हाला आवडेल), तिथे याची टोपी मशीनमध्ये पडली आणि मालकाने हाकलला असं सांगतात. पडली की पाडली हे त्यालाच ठाऊक. मग आईनेच शब्द टाकून लँकेस्टर गावात रॉयर नावाच्या मिठाईवाल्याकडे चिकटवला. चार वर्षं तिथे राबला. साखर किती तापली हे पाक बघून ओळखायला तो तिथे शिकला, थर्मामीटरशिवाय. हे येतं तेव्हा हातात येतं, सांगून येत नाही. एकतारी, दोनतारी, गोळीबंद, पुढे चिक्कीचा पाक, आणि त्याच्या पुढे चार सेकंद गेले की जळला, सगळी कढई घासायला घ्या.

१८७६ ला १८ वर्षांचा असताना फिलाडेल्फियात स्वतःचं दुकान काढलं, तेव्हा तिथे मोठं प्रदर्शन भरलं होतं, गर्दी होती. पैसे कुणाचे? मावशीचे. मार्था स्नेव्हली नाव, घरात मॅटी म्हणायचे. आणि माल करणारा हा एकटा, तर गुंडाळायला कोण? आई आणि मावशी, दोघी लँकेस्टरचं घर सोडून तिथे जाऊन राहिल्या. सहा वर्षं रेटलं, रात्री गोळ्या करायच्या नि दिवसा विकायच्या, तब्येत गेली, शेवटी १८८२ ला बंद. मग डेन्व्हरला गेला बापाकडे, तिथे एका कॅरमेलवाल्याकडे नोकरी केली आणि एक गोष्ट शिकला, ताजं दूध घातलं तर कॅरमेल मऊ पण राहतं आणि टिकतं पण. मग इकडे तिकडे फिरून न्यूयॉर्कला दुसरं दुकान, परत मावशीचे पैसे, परत आई मावशी हजर, १८८६ ला ते पण बुडालं.

परत लँकेस्टरला आला तेव्हा बाकीच्या नातेवाइकांनी दारं लावून घेतली, बापावर गेलाय म्हणाले असतील, आपल्याकडे पण हेच म्हणतात. त्याचं सामान न्यूयॉर्कहून आलेलं रेल्वेत अडकलं होतं, सोडवायला भाडं नाही. ते पैसे भरले लेबकिचर नावाच्या माणसाने, जो फिलाडेल्फियाला त्याच्याकडे कामाला होता. म्हणजे नोकराने मालकाचं सामान सोडवलं. मावशीने कर्जाला आपलं घर तारण ठेवलं. मग कुठे कॅरमेल चालायला लागले, एक इंग्रज आयातदार आला, त्याने मोठी ऑर्डर दिली, पण ऑर्डर पुरी करायला माल भरायचा तर हातात पैसा नाही, बँकेचं आधीचंच देणं थकलेलं. तेव्हा बँकेतला एक माणूस स्वतः येऊन भट्टी बघून गेला आणि कर्जाच्या कागदावर त्याने स्वतःचं नाव घातलं, कारण हर्शीच्या नावावर बँक देणार नव्हती.

आता मला सांगा, मावशीचं घर, आईचे हात, लेबकिचरचं रेल्वेभाडं, बँकवाल्याची सही. याला तुमच्या लेखात स्वतःच्या बळावर म्हटलंय.

मी हे टोमणा म्हणून लिहीत नाही. मला स्वतःला हे माहिती आहे. मी चॉकलेटचं सुरू केलं तेव्हा एका बँकेत लोन मागायला गेले, छोटंसंच, एक फ्रीज आणि साचे घ्यायला, तर साहेब म्हणाले घरी बसून चॉकलेट, हा काय धंदा आहे का, गॅरंटर आणा. आमच्या मजल्यावरचे एक काका, गिरणीतून घरी बसलेले, स्वतःचा तेवढा पेन्शनचा आधार, ते आले आणि त्यांनी सही केली, मी विचारलं पण नव्हतं. आता माझ्यावर कोणी लेख लिहिला (लिहिणार नाही, पण समजा) आणि त्यात त्या काकांचं नाव नसलं तर मी तो लेख कुणाला दाखवणार नाही.

असो, पुढे. १८९३ ला शिकागोच्या मोठ्या प्रदर्शनात त्याने जर्मनीच्या ड्रेस्डेनची लेमान कंपनीची चॉकलेटची मशीनं चालताना बघितली आणि उचलली. (आपल्या पार्ल्यात १९२९ ला मोहनलाल चौहानांनी गोळ्यांपासून सुरुवात केली ती पण जर्मन मशीनांवरच. गाडी पार्ल्याला आली की डोळे मिटलेला माणूस पण वासावरून उठायचा, २०१६ ला ती फॅक्टरी बंद झाली तेव्हा मला घरातलं कुणी गेल्यासारखं झालं होतं.) १९०० मध्ये चांगली चालणारी कॅरमेल कंपनी त्याने दहा लाख डॉलरला विकून टाकली आणि चॉकलेट तेवढं ठेवलं. चालती गाडी विकायला धाडस लागतं, हे मान्य, इथे जिद्द बिद्द सगळं मान्य.

दुधाचं प्रकरण लेखात दोन शब्दांत उडवलंय, पण खरी मेहनत तिथे आहे हो. तेव्हा दुधाचं चॉकलेट स्वित्झर्लंडवाले करायचे आणि कृती कुणाला सांगायचे नाहीत. कोकोत तूप असतं आणि दुधात पाणी, त्यांचं जमत नाही, पाण्याचा एक थेंब वितळलेल्या चॉकलेटमध्ये पडला तर सगळं रव्यासारखं घट्ट होऊन बसतं, ज्यांनी घरी केलंय त्यांना विचारा, मी पहिल्या वर्षी दोन किलो असंच घालवलंय, ओल्या चमच्याने. म्हणजे दुधातलं पाणी आधी आटवायला पाहिजे. आटवायला गेलं की दूध लागतं. खवा करणाऱ्याला हे सांगायला नको, बुडाशी एकदा लागलं की वरच्या दुधालापण तो वास. तर हा माणूस काही वर्षं त्याच्या जन्मघराजवळ डेअरी बांधून दूध आटवत बसला, जाळत बसला. शेवटी जमलं ते असं, साय काढलेलं दूध साखर घालून बंद भांड्यात हवा काढून घेऊन आटवायचं, हवा नसली की पाणी कमी तापमानाला उकळतं, दूध जळत नाही. त्याच्या चॉकलेटला एक किंचित आंबूस चव आहे, युरोपातले लोक नाक मुरडतात, अमेरिकन लोकांना मात्र चॉकलेट म्हणजे तीच चव. माझ्या भावाने तिकडून आणलं होतं, मला पहिल्यांदा वाटलं खराब झालंय.

१९०३ ला फॅक्टरी बांधायला घेतली ती कुठल्या शहरात नाही तर जिथे जन्मला तिथेच, डेरी चर्च नावाच्या खेड्यात, आजूबाजूला शेतं आणि गाई. लोक वेडा म्हणाले. पण दूध तिथे होतं ना, दुधाकडे जायचं का दूध आणायचं, गणित सरळ आहे. पाच सेंटचं चॉकलेट १९०० पासून १९६९ पर्यंत पाच सेंटलाच विकलं, किंमत हलवायची नाही, वजन कमी जास्त करायचं. आपल्याकडे पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्याचं चाललंय तेच, पुडा तसाच, बिस्किटं बारीक. आम्ही मोदकाच्या बॉक्समध्ये तसं करू शकत नाही, अकराचे नऊ केले तर गिऱ्हाईक बाप्पाची शपथ घालतं.

१९०७ ला त्यांची ती छोटी टोकदार चॉकलेटं आली, किसेस म्हणतात, चांदीत गुंडाळलेली. आणि इथे माझी आवडती गोष्ट. तोपर्यंत पोरगा करोडपती झालेला, आईला फॅक्टरीजवळ घर दिलेलं, नोकरचाकर परवडत होते. पण सांगतात की आई रिकामी बसायला तयार नव्हती, तर रोज फॅक्टरीतून तिच्या घरी सुटी चॉकलेटं जायची, ती बसून चांदी गुंडाळायची, आणि गुंडाळलेली परत फॅक्टरीत. म्हातारीला वाटायचं पोराच्या धंद्याला हात लागतोय, आणि लागत होताच. ती १९२० ला गेली. किसेस गुंडाळायचं मशीन आलं १९२१ ला. मी याच्यावरून काही सिद्ध करत नाही, मशीन यायचं तेव्हा आलं असेल, पण मी ती दोन सालं शेजारी शेजारी वाचली तेव्हा हातातलं काम ठेवलं होतं.

माझी आई पण तशीच. शेवटी शेवटी डोळ्यांना दिसत नव्हतं, मी मोदकांच्या बॉक्सवर रिबिनी बांधत बसले की म्हणायची, आण इकडे, आणि बांधायची पण, माझ्यापेक्षा घट्ट.

आता दानाचं. लग्न १८९८ ला झालं, कॅथरीन स्वीनी, किटी म्हणायचे, आयरिश कॅथलिक, म्हणजे सासूच्या मनाविरुद्धच असणार. मूल झालं नाही. दोघांनी १५ नोव्हेंबर १९०९ ला अनाथ मुलांसाठी शाळेचा ट्रस्ट केला, ४८६ एकर जमीन, पहिली मुलं आली ती ज्या घरात मिल्टन जन्मला त्याच घरात. शाळेची कल्पना किटीची होती असं तो स्वतःच सांगायचा म्हणतात. मग ती १९१५ ला गेली, आणि १९१८ मध्ये त्याने कंपनीचे शेअर्स, म्हणजे जवळ जवळ सगळी मालमत्ता, शाळेच्या ट्रस्टला देऊन टाकली. तेव्हाचे सुमारे सहा कोटी डॉलर. देणगी दिली नाही, कंपनीच देऊन टाकली, हा फरक लेखात नीट आलेला नाही. नफ्यातून दान करणारे पुष्कळ असतात, नफा नसला की दान पण नसतं. इथे मालकच शाळा झाली. आज दोन हजारांवर मुलं तिथे राहतात नि शिकतात, खाणं पिणं, कपडे, डॉक्टर सगळं फुकट.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, त्याने हे १९१८ ला केलं आणि कुणाला सांगितलं नाही. न्यूयॉर्कच्या पेपरात बातमी आली १९२३ ला. पाच वर्षं गप्प.

मुलीच्या शाळेत, नाव घेत नाही, हॉलमध्ये आठ पंखे आहेत आणि प्रत्येक पंख्याच्या पात्यावर दात्याचं नाव, कै. अमुक यांच्या स्मरणार्थ. पंखा चालू असला की नाव दिसत नाही, म्हणून गॅदरिंगला पाहुणे यायच्या आधी सगळे पंखे बंद, मार्चच्या उकाड्यात. मी खोटं सांगत नाही. पालक पुठ्ठ्याने वारा घेतायत आणि वर कै. झळकतायत. बाकांवर नावं, पाण्याच्या टाकीवर नावं, जिन्याच्या पायरीवर पण संगमरवरात एक नाव आहे, त्याच्यावर पोरं पाय देऊन चढतात.

हर्शीने नाव लावलंच नाही असं नाही म्हणत मी. गावाचंच नाव हर्शी, रस्त्याचं नाव चॉकलेट अ‍ॅव्हेन्यू, दुसऱ्याचं कोको अ‍ॅव्हेन्यू, दिव्यांचे आकार पण किसेससारखे. त्यामुळे एकदम संत करून टाकू नका, लेखात तसं झालंय. त्या गावात महापौर नाही, नगरपालिका नाही, जे काय ते हर्शीसाहेब. गाडीतून फिरायचा आणि कुणाच्या घरापुढचं गवत वाढलंय ते बघायचा. चाळमालकाने जिन्यात येऊन कुणाच्या दारात चपला किती हे मोजल्यासारखं झालं ते. १९३० नंतरच्या मंदीत त्याने शेकडो लोकांना काम दिलं, टेकडीवर हॉटेल बांधलं, खेळाचं मोठं स्टेडियम बांधलं, हे खरं आहे, आणि कुणी त्याला सांगितलं की हे वाफेचं फावडं ४० माणसांचं काम करतं तर म्हणाला फावडं काढा नि ४० माणसं लावा, असंही सांगतात. पण मंदीत मजुरी पण स्वस्त होती हे पण लक्षात घ्या.

आणि १९३७ चा संप लेखात नाहीच. एप्रिलमध्ये कामगार फॅक्टरीत ठिय्या देऊन बसले, फॅक्टरी बंद म्हणजे दूध घेणार कोण, आसपासचे दूधवाले शेतकरी चिडले, लाठ्याकाठ्या घेऊन आत घुसले आणि कामगारांना बडवत बाहेर काढलं. म्हातारा तेव्हा ७९ वर्षांचा. इतकं सगळं केलं नि हे असे उलटले, असं त्याला वाटलं असणार. मला मात्र दोन्ही बाजू कळतात. माझे वडील गिरणीत होते, १८ जानेवारी १९८२ ला संप झाला तेव्हा आधी सहा महिने आम्हाला वाटत होतं आज मिटेल उद्या मिटेल, आणि नंतर घर चाललं ते आईच्या गोळ्यांवर. वडील पण गुंडाळायला बसायचे, दार लावून, चाळीतल्या कुणी बघू नये म्हणून. त्यांना पीळ कधी जमला नाही, सगळ्या गोळ्यांचा एक कान मोठा एक लहान. मालकाने बाग दिली, शाळा दिली, पोहायचा तलाव दिला तरी पगाराचं बोलायचं असतंच. ते उपकार काढून चालत नाही.

आणि त्या ट्रस्टच्या कागदात मूळ अट काय होती? गरीब, निरोगी, गोरे, मुलगे. काळी मुलं आणि मुली तिथे यायला १९७० च्या आसपासचा आणि नंतरचा काळ उजाडला. इथे मला आपले कर्मवीर भाऊराव पाटील आठवल्याशिवाय राहत नाहीत. हर्शीने १९१८ ला सगळं दिलं, आणि पुढच्याच वर्षी, ४ ऑक्टोबर १९१९ ला, कराडजवळच्या काले गावात भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था काढली. याच्याकडे सहा कोटी डॉलर, त्यांच्याकडे खिशात काही नाही. पण साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत, तेव्हा. माझे एक चुलते तिथलेच, ते सांगायचे की आपल्या ताटाशेजारी कोण बसलंय हे विचारायचं नाही एवढं पहिल्या दिवशी कळायचं. आणि धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने विकले, मंगळसूत्रसुद्धा. हर्शीच्या शाळेतल्या पोरांना पण रोज सकाळ संध्याकाळ गाईंच्या धारा काढायला लागायच्या, शेतावरच राहायची ती, म्हणजे आपलं कमवा आणि शिका तेच, वेगळ्या देशात. तुलना करायची म्हणून नाही करत, पण पुरवणीत तिकडच्या माणसाला अर्धं पान मिळतं तर लक्ष्मीबाईंना पण एकदा द्या.

एक मात्र आहे, कंपनी शाळेची आहे हे लोकांनी किती मनावर घेतलंय ते २००२ ला दिसलं. ट्रस्टवाल्यांनी कंपनी विकायला काढली, रिग्ली या च्युइंगगमवाल्यांनी साडेबारा अब्ज डॉलर देऊ केले होते, आणि गावातले लोक, कामगार, शाळेतून शिकून गेलेली मुलं असे सगळे रस्त्यावर आले, प्रकरण कोर्टात गेलं, शेवटी विक्री रद्द. मेलेल्या माणसाची सही ५७ वर्षांनी पण चालली. (तो १३ ऑक्टोबर १९४५ ला गेला, ८८ व्या वर्षी.) कंपनी आपल्याकडे पण येऊन गेलीय, २००७ ला गोदरेजबरोबर भागीदारी केली होती, काही वर्षांनी वेगळे झाले. आता त्यांची चॉकलेटं दादरच्या दुकानात मिळतात, मी आणत नाही, माझ्या चॉकलेटांना स्पर्धा कशाला.

टायटॅनिकचं लेखात ठळक छापलंय, तिकिटाचे ३०० डॉलर भरले होते पण गेला नाही आणि वाचला. खरं आहे, चेक अजून जपून ठेवलाय म्हणतात. पण त्याला चौकट आणि आईला एक ओळ नाही, याचं मला नवल वाटतं. बोटीत बसला नाही हे काय कर्तृत्व झालं का.

आता ती सनाची चूक. लेखात लिहिलंय की पत्नीच्या निधनाच्या दुःखातून त्याने शाळा काढली. नाही. शाळेचा ट्रस्ट १९०९ चा, दोघांनी मिळून केलेला, ती गेली १९१५ ला. सहा वर्षं तिने ती शाळा जिवंतपणी बघितली. जे बाईने स्वतः केलं ते तिच्या स्मरणार्थ झालं असं लिहू नये, एवढंच म्हणणं आहे. दुरुस्ती छापणार असाल तर नावं पण बरोबर छापा, आईचं नाव फॅनी हर्शी, मावशीचं मार्था स्नेव्हली.

कळावे,
आपली एक वाचक,
लालबाग, मुंबई

ता. क. त्या कागदाच्या वजनाचं विचारून ठेवते, तुमच्या वाचकांत कुणी जुने गोळीवाले असतील तर सांगा, किलोला कागद किती ग्रॅम धरायचे? आई म्हणायची ५०, तो माणूस म्हणायचा १००. कारखाना बंद पडेपर्यंत मिटलं नव्हतं.